फौजीच्या लेकराला वाली कोण?

मालेगाव तालुक्यातल्या डोंगराळे येथे एका चिमुकलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, त्यानंतर मालेगाव पेटून उठले. मोर्चे निघाले, फाशीची मागणी झाली. तो संताप रास्त होता आणि त्याबद्दल आम्हाला वेगळे काही म्हणायचे नाही. पण आरोपीचे काय करायचे यावर सारा महाराष्ट्र तावातावाने बोलतो आणि अत्याचार सोसून जिवंत राहिलेल्या मुलांचे काय करायचे, असे विचारले की मिठाची गुळणी धरतो, हे आता सहन होत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचारानंतर बदलापूरला लोकांनी रेल्वे अडवली, तेव्हाही हेच झाले. शाळाशाळांत महिनाभरात सीसीटीव्ही लावा, असा आदेश सरकारने काढला. कॅमेऱ्याने फार तर पुरावा मिळेल. रात्री दचकून उठणाऱ्या पोरीशी कोण बोलणार?

जून 2025 मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी घोषणा केली की, पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक सैनिकी शिक्षण देणार आणि त्यासाठी अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेणार. भुसे मालेगावचेच. पुढच्याच महिन्यात, 25 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना बजावले की, 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक हवाच. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. आणि हे सारे होते की नाही यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लक्ष ठेवावे. या दोहोंपैकी कवायतीची चर्चा पारापारावर झाली. समुपदेशकाची कुठे झाली? जिल्हा परिषद शाळेची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत समुपदेशक नावाचे पदच नाही. पद नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून मूल गप्प. सैनिकांना शाळेत आणायला निघालेल्या सरकारने सैनिकांच्या स्वतःच्या मुलांकडे एकदा वळून पाहावे, एवढेच आज सांगायचे आहे. ते जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावातून सांगायला कारण आहे.

धरणगाव आणि फौज यांचे नाते 2025 मध्ये 200 वर्षांचे झाले. 1825 मध्ये जेम्स औट्रमने खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभी केली ती इथेच. तेव्हापासून या मातीतली माणसे गणवेश चढवत आली. आज कुणी लष्करात आहे, कुणी सीमा सुरक्षा दलात, कुणी केंद्रीय राखीव दलात, कुणी धुळ्याच्या राज्य राखीव दलात. मे 2025 मध्ये पाचोरा तालुक्यातला एक जवान लग्नानंतर तीनच दिवसांत सीमेवर रवाना झाला, तेव्हा जिल्ह्याचा ऊर भरून आला होता. हा अभिमान खराच आहे. पण गाडी हलली, फलाट रिकामा झाला आणि जवानाचे घर गावात मागे राहिले की त्या घराची चौकशी करायची आठवण आपल्याला पुढच्या 26 जानेवारीलाच होते.

ते घर कसे असते? बाप वर्षातले दोन महिने घरी. आई कधी सासरी, कधी मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला किंवा जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत. सोबतीला काका, मामा, चुलतभाऊ, घरमालक, शिकवणीचे सर. सगळे ओळखीचे आणि सगळे ‘विश्वासाचे’. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या देशभरातल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,000 हून अधिक मुलांना विचारले, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. हे आकडे फौजींचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. पण बाप हजार किलोमीटरवर असलेल्या घरात ओळखीच्या माणसाचे काम आणखी सोपे होते.

आणि मग फौजी घरातली ती खास गप्प बसण्याची रीत सुरू होते. ‘पप्पांना सांगू नको, त्यांना टेन्शन येईल.’ ‘त्यांच्या हातात बंदूक आहे, डोक्यात राग गेला तर काय करून बसतील?’ सासू गेली तरी दहाव्यापर्यंत जवानाला कळवायचे नाही, अशी ज्या घरांची सवय, तिथे पोरीच्या अंगावर कुणी हात टाकला हे फोनवर कोण सांगणार? आईच्या पोटात राहते. मुलीच्या पोटातही राहते आणि तिथून वेगळ्या वाटेने बाहेर येते. रोज सकाळी दप्तर भरले की ‘मन्हं पोट दुखस’. दवाखान्यात नेले की पोटात काही सापडत नाही. पाचवीतले पोर पुन्हा अंथरुणात लघवी करू लागते. हुशार मुलगा वहीची पाने फाडतो. गुरुजींना कळते की काहीतरी बिनसले आहे. पण पाठवायचे कुणाकडे, हे त्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसण्यात त्यांचा दोष नाही. पाठवण्यासारखी जागाच तालुक्यात नाही.

याहून अवघड गोष्ट बोलायची तर, कधी मारणारा हात बापाचाच असतो. डोळ्यांदेखत सोबती गेलेला, रात्ररात्र जागा राहिलेला माणूस सुट्टीवर येतो आणि कॅन्टीनची बाटली उघडल्यावर कपाटामागे लपलेल्या पोराला ओढून बाहेर काढतो. सगळे फौजी असे नसतात. बहुसंख्य बाप सुट्टीचा प्रत्येक दिवस लेकरांत घालवतात. पण जिथे असे घडते तिथे गाव त्या पोराला काय सांगते? ‘तुझा बाप देशासाठी लढतो.’ म्हणजे तू तक्रार करायची नाही. आईला वेगळी धास्ती. तक्रार केली तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, घर रस्त्यावर येईल. जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम परस्पर कापून देण्याची तरतूद लष्कराच्या कायद्यातच आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. ते सांगायलाही कुणीतरी लागते.

सोय नाही असे कुणी म्हणू नये, सोयी आहेत. छावणीत आहेत. आर्मी पब्लिक स्कूलमध्ये समुपदेशक असतात, लष्करी रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ असतात, जवानांच्या पत्नींची कल्याण संघटना 1966 पासून काम करते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये खास लष्करी कुटुंबांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा कक्ष सुरू झाला. ही सगळी चांगली कामे आहेत आणि ती धरणगावपासून दूर आहेत. फोन आहे म्हणावे, तर आठ वर्षांची पोर आईच्या मोबाइलवरून पुण्याला लावून काय बोलेल, आणि तिची अहिराणी तिकडे कोण समजून घेईल? मुलकी बाजूला जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि सखी केंद्र, सगळे जळगावला. तीसेक किलोमीटर म्हणजे फार नाही, असे जळगावात बसून वाटते. एकट्या बाईने कामावरचा खाडा करून, शेजारणीला कारण सांगून, दर आठवड्याला पोराला घेऊन जायचे असते तेव्हा ते अंतर वाढते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पेन्शन, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वीरपत्नींची प्रकरणे पाहते, आणि तेच त्याचे काम आहे. छावणी म्हणते गाव बघेल, गाव म्हणते फौज बघेल. फौजीचे पोर दोन्ही याद्यांतून गळते.

समुपदेशन म्हणजे चार उपदेशाचे शब्द, ही समजूत आधी सोडायला हवी. दुखावलेले मूल पहिल्या भेटीत काही बोलत नाही. दुसऱ्या भेटीत बाहुलीशी खेळते, तिसरीत चित्र काढते आणि त्या चित्रात घरातल्या एका माणसाला तोंड नसते. तोच समुपदेशक, तीच खोली, तोच वार, असे काही महिने चालले की कधीतरी एक वाक्य येते. महिन्यातून एकदा जीप घेऊन येणाऱ्या पथकाला ते वाक्य ऐकू येणार नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा करणाऱ्यांना हे बरेचसे कळले होते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि तो घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, असे कलम 24 सांगते. बापाच्या गणवेशाला घाबरणाऱ्या मुलासाठी याहून नेमकी तरतूद कोणती असेल? मुलासोबत शेवटपर्यंत राहणारी सहायक व्यक्ती नेमणे ऐच्छिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केले. अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेत अर्थसाह्याबरोबर समुपदेशनही आहे. कागद भक्कम आहे. प्रत्यक्षात पोर आईला सांगते, मग बाईंना, मग ठाण्यात, मग डॉक्टरांना, मग दंडाधिकाऱ्यांना, मग न्यायालयात. तीच कहाणी सहा वेळा, आणि एकदाही कुणी तिच्याजवळ नुसते बसत नाही.

2023 मध्ये शेजारच्या एरंडोल तालुक्यातल्या खडके येथील बालगृहातल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले तेव्हा जिल्हा हादरला होता. त्याआधी 1994 चे जळगावचे वासनाकांड. त्यात छळ सोसलेल्या मुलींपैकी किती जणी पुढे आल्या आणि ज्या आल्या त्यांना गावगप्पांनी कसे वागवले, हे जुन्या जळगावकरांना सांगायला नको. त्यानंतर तीन दशके गेली. आपण तेव्हाही नावे कुजबुजत होतो, आजही कुजबुजतो.

ज्या देशात लष्करी कुटुंबांचा हा प्रश्न लपवला गेला नाही, तिथे काय आढळले? अमेरिकेत ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2007 मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की, ज्या सैनिक कुटुंबांत मुलांची हेळसांड किंवा मारहाण सिद्ध झाली होती, तिथे जवान आघाडीवर असतानाच्या काळात तिचे प्रमाण सुमारे 42 टक्क्यांनी जास्त होते. म्हणजे मागे राहिलेली एकटी आईही कोसळत होती. तिला दोषी ठरवून काय साधणार? तिलाही कुणाची तरी सोबत हवी होती. हवाईत 2005 मध्ये एका सैनिकाची पाच वर्षांची मुलगी घरातल्या मारहाणीत मेली. लष्करातल्या अनेकांना संशय होता, पण मुलकी बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत शब्द पोहोचला नाही. तिच्या नावाचा ‘तालिया कायदा’ 2016 मध्ये झाला: लष्करात ज्यांच्यावर मुलाच्या छळाचा संशय कळवण्याचे बंधन आहे, त्यांनी तो मुलकी यंत्रणेलाही थेट कळवलाच पाहिजे. आपल्या पोक्सोचे कलम 19 तर 2012 पासून प्रत्येकाला बांधून घेते. त्यात पलटणीचा कमांडिंग ऑफिसर आला आणि सुभेदारसाहेबही आले. इथे कायदा करायचा शिल्लक नाही, राबवायचा आहे.

अशा लिहिण्याने फौजेची बदनामी होते, असे काही जण म्हणतील. आठ वर्षांच्या मुलीच्या गप्प बसण्यावर टिकणारी अब्रू फौजेने मागितलेली नाही. ती आपण परस्पर बहाल केली आहे.

माजी सैनिकांना शाळेत आणायचेच असेल तर जरूर आणा, पण कवायतीआधी दुसरे काम द्या. गावातल्या निवृत्त सुभेदाराचा शब्द सेवेतला जवान ऐकतो. ‘तुझ्या पोरीला तुझी गरज आहे, सुट्टी टाक, रागाने नको, शांतपणे ये,’ हे त्याला पटेल अशा भाषेत सांगू शकणारा माणूस तोच आहे. मुलाच्या जबाबाच्या दिवशी बापाला रजा मिळावी म्हणून पलटणीला पत्र कसे लिहायचे, हेही त्याला कळते. त्याला चार दिवसांचे नीट प्रशिक्षण द्या: काय विचारायचे नाही, काय वचन द्यायचे नाही, कधी लगेच पोलिसांना कळवायचे.

पालकमंत्री गुलाबराव पाटील धरणगाव तालुक्यातल्याच पाळधीचे आहेत. जिल्हा नियोजन समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली चालते आणि जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा, हे राज्याचेच धोरण आहे. त्यातून धरणगावच्या सरकारी रुग्णालयात एक बंद दाराची खोली आणि अहिराणी बोलणारी एक पूर्णवेळ बालसमुपदेशक येत्या बैठकीतच मंजूर करावी. दारावर पाटी लावू नये, म्हणजे आत जाणाऱ्या आईला गल्लीत उत्तर द्यावे लागणार नाही. सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी तालुक्यातल्या सेवेतल्या जवानांच्या घरी या समुपदेशकाचा फोन नंबर पोहोचवावा. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एक गोष्ट जाहीर करावी: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली देखरेख समिती जळगाव जिल्ह्यात नेमली का, नेमली असेल तर ती बसली कधी, आणि त्या दिवशी तिथे सैनिक कल्याण कार्यालयाचे कुणी हजर होते का?