अंडी उबली नाहीत, दोष कुणाचा?

खुडूक कोंबडीखाली दहा अंडी ठेवली आणि चारच पिल्ले निघाली, की घरात सगळे कोंबडीलाच नावे ठेवतात. नीट बसली नाही म्हणतात. कोंबड्याकडे मात्र कुणी पाहत नाही.

वाचकहो, तो आपल्याच खुराड्यात जन्मलेला असतो. त्याचा बापही इथलाच. भाऊ-बहीण, बाप-लेक अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या जमत गेल्या, की रक्तातले लपलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात. झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यावरच्या प्रयोगात सख्ख्या भावंडांपासून झालेल्या नरांमध्ये सदोष शुक्राणू जास्त आढळले, त्यांचा वेगही कमी भरला. नर दिसायला धडधाकट असला, तरी ही उणीव बाहेरून कळत नाही.

न्यूझीलंडमधल्या काकापो या न उडणाऱ्या पोपटावर तर हे संकटच ओढवले. १९९५ साली जगात फक्त ५१ काकापो उरले होते आणि जवळजवळ सगळे स्ट्यूअर्ट बेटावरच्या एकाच गोतातले. त्यांची बरीच अंडी उबत नाहीत. काही फलितच होत नाहीत, काहींतला जीव सुरुवातीलाच मरतो. फिऑर्डलँडमध्ये १९७५ साली सापडलेला ‘रिचर्ड हेन्री’ नावाचा नर तेवढा वेगळ्या रक्ताचा होता. १९९८ साली त्याला तीन पिल्ले झाली, तेव्हा रक्षकांना केवढा आनंद झाला असेल! पुढे तिथे कृत्रिम रेतनही सुरू झाले. आज काकापोंची संख्या दोनशेच्या वर आहे.

आपल्या अंगणात इतके करावे लागत नाही. अंडी बसवल्यावर सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात एकेक अंडे टॉर्चसमोर धरा. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव वाढतो आहे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर बहुधा ते फलित झालेले नाही. रक्ताचे नुसते कडे दिसले तर जीव मधेच गेला. स्वच्छ अंडीच जास्त निघाली तर आधी कोंबडा पाहा. तो म्हातारा आहे का, दहा-बारापेक्षा जास्त कोंबड्यांमागे एकटाच आहे का, खाणे पुरेसे मिळते का? हे सगळे ठीक असेल तर दुसऱ्या गावच्या ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करा. वर्ष-दोन वर्षांनी हे करत राहावे. खर्च काही नाही, आणि बिचाऱ्या कोंबडीवरचा आळही जाईल.