उरलेल्या महिन्यांचा हिशेब

एप्रिलच्या बिलात क्रेडिट कार्डाची वार्षिक फी लागते. समजा ती ३,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० रुपये होतात. ग्राहक ते भरतो आणि मेअखेर कार्ड बंद करून टाकतो. वर्षाचे दहा महिने शिल्लक आहेत आणि त्या दहा महिन्यांचे २,९५० रुपये बँकेकडे आहेत. हे पैसे कोणाचे? भारतात या प्रश्नाचे उत्तर आज बँकेच्या मर्जीवर सोडलेले आहे. एखादी बँक सगळी फी परत करते, एखादी बंद करू नका म्हणून पुढच्या खरेदीवर सवलत देऊ करते, एखादी नियमावलीतले ‘फी परत मिळणार नाही’ हे वाक्य दाखवते. ग्राहकाच्या हाती विनंती उरते, हक्क नाही. हा हक्क त्याला मिळायला हवा, आणि त्यासाठी नवे तत्त्व शोधण्याचीही गरज नाही. ते आपल्याच बँकिंग नियमांत आधीपासून आहे.

वार्षिक फी आली कुठून, हे आधी पाहू. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा यांनी डायनर्स क्लब सुरू केला. हॉटेलात जेवायचे, कार्ड दाखवायचे आणि महिन्याअखेर सगळे बिल एकरकमी चुकते करायचे, अशी ती सोय होती. बाकी पुढच्या महिन्यात ओढता येत नसे, त्यामुळे व्याजाची कमाई नव्हती. हॉटेलमालकांकडून मिळणारे कमिशन आणि सभासदाची वर्गणी यांवरच कंपनी चाले. १९५८ साली अमेरिकन एक्स्प्रेसने कार्ड काढले, तेव्हा वार्षिक फी मुद्दाम डायनर्स क्लबपेक्षा एक डॉलर जास्त, म्हणजे ६ डॉलर ठेवली. ही फी खऱ्या अर्थाने क्लबची वर्गणी होती.

त्याच वर्षी बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे लोकांनी न मागता टपालाने घरोघर पाठवली. या कार्डाला वार्षिक फी नव्हती. बाकी ओढता येई आणि त्यावर व्याज लागे, आणि कमाई त्या व्याजात होती. पुढच्या दशकात अनेक बँकांनी हाच मार्ग धरला. न मागितलेली कार्डे टपालातून चोरीला गेली, न केलेल्या खरेदीची बिले लोकांच्या दारात आली. अखेर १९७० साली अमेरिकी काँग्रेसने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली. कार्डाच्या नात्यात शिरायचे की नाही हे ग्राहकाने ठरवायचे, एवढे त्या कायद्याने पक्के केले. नात्यातून बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नव्हता.

तो प्रश्न १९८० नंतर पुढे आला. महागाई आणि व्याजदर दोन आकडी झाले होते. बँकांना स्वतःला पैसा महाग पडत होता, पण अनेक राज्यांत ग्राहकाकडून घ्यायच्या व्याजाला कायद्याची कमाल मर्यादा होती. मार्च १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उधारीवर निर्बंध आणले आणि बँकांनी ती संधी साधली. आजवर फुकट असलेल्या कार्डांवर वार्षिक फी बसली. व्याजात अडलेला नफा फीमधून काढण्याचा हा मार्ग होता. पुढे सिटीबँकेसारख्या बँकांनी कार्डांचा कारभार व्याजमर्यादा नसलेल्या साउथ डकोटात हलवला, व्याजाची अडचण संपली, तरी फी गेली नाही. एकदा बसलेली फी आपोआप उठत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

१९८८ साली अमेरिकेने कायदा करून फीच्या या प्रश्नाला हात घातला. कार्डाच्या अर्जासोबतच फी आणि व्याजदर ठळक तक्त्यात दाखवणे बंधनकारक झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची तरतूद नूतनीकरणाची आहे. वार्षिक फी लावण्याआधी ग्राहकाला ती कळवायची आणि ती टाळण्यासाठी कार्ड कसे व केव्हापर्यंत बंद करायचे हेही सांगायचे. बँकेला हे बिलासोबतच कळवायचे असेल, तर बिल पाठवल्यापासून ३० दिवस ग्राहकाला द्यायचे. त्या ३० दिवसांत त्याने कार्ड बंद केले तर फी लागणार नाही, मधल्या काळात त्याने कार्ड वापरले असले तरीही. दोन वर्षांनी एटी अँड टी कंपनीने आजन्म विनाफी कार्ड बाजारात आणले आणि स्पर्धेने इतरांनाही फी सोडायला लावली. पण बाजार ग्राहकाच्या बाजूने फिरण्याआधी कायदा त्याच्या बाजूने उभा राहिला होता.

युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकले. २००७ च्या युरोपीय देयक सेवा निर्देशाने स्वच्छ शब्दांत सांगितले की नियमितपणे आकारले जाणारे शुल्क करार संपेपर्यंतच्या काळापुरतेच द्यावे लागेल आणि ते आगाऊ घेतले असेल तर उरलेल्या काळाचे प्रमाणशीर परत करावे लागेल. २०१५ च्या सुधारित निर्देशातही हे कलम कायम राहिले. अमेरिकेने मुदत दिली, युरोपने हिशेब दिला. अमेरिकेत ३१ व्या दिवशी जागा झालेला ग्राहक बँकेच्या धोरणावर अवलंबून राहतो. युरोपात तो सातव्या महिन्यात जागा झाला तरी उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे त्याचेच राहतात.

भारताची वाटचाल अशी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काली मोदी यांनी डायनर्स क्लब इथे आणला. १९८० साली मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रलकार्ड’ काढले, पाठोपाठ आंध्र बँक आणि बँक ऑफ बडोदा आल्या. कार्डे खऱ्या अर्थाने पसरली ती १९९० नंतर, परदेशी आणि मग खासगी बँकांमुळे. फोनवरून गळी उतरवलेली कार्डे आणि ‘फ्री’ म्हणून दिलेल्या कार्डावर दुसऱ्या वर्षी लागलेली फी, या तक्रारी त्या काळातल्या कार्डधारकांच्या ओळखीच्या आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न मागता कार्ड देऊन बिल लावले तर शुल्क मागे घ्यायचे आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची, अशी तरतूद त्यांत होती. अमेरिकेने १९७० साली बांधलेले दार आपण २००५ साली बांधले.

बाहेर पडायच्या दाराकडे रिझर्व्ह बँकेने नीट लक्ष दिले ते एप्रिल २०२२ च्या निर्देशांत. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची. उशीर झाला तर खाते बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, मात्र त्याच्याकडे काही थकबाकी नसावी. विनंतीसाठी हेल्पलाइन, ईमेल, ॲप, वेबसाइट असे मार्ग खुले ठेवायचे, टपालानेच अर्ज पाठवा असा हट्ट धरायचा नाही. बँकेने शुल्क वाढवले तर किमान महिनाभर आधी कळवायचे आणि त्यामुळे कोणी कार्ड परत केले तर बंद करण्याचे वेगळे शुल्क घ्यायचे नाही. हे नियम चांगले आहेत. ग्राहकाला दररोज ५०० रुपये मिळवून देणारी तरतूद तर धाडसाची आहे आणि तिचे श्रेय रिझर्व्ह बँकेला द्यायलाच हवे.

पण आगाऊ घेतलेल्या वार्षिक फीच्या उरलेल्या भागाचे काय, यावर निर्देशांनी ग्राहकाला कोणताही सर्वसाधारण हक्क दिलेला नाही. आणि या मौनाचा परिणाम वर सांगितलेल्या चांगल्या नियमावरही होतो. सात दिवसांचा नियम थकबाकी नसलेल्याला लागू आहे. फी बिलात लागली की तीच थकबाकी बनते. ती भरल्याशिवाय कार्ड बंद होत नाही आणि भरली की परत मिळण्याची हमी नाही. भरली नाही तर विलंब शुल्क लागते, व्याज चढते, सिबिलच्या नोंदीत डाग पडतो. बाहेर जायचे दार उघडे आहे, पण ते ओलांडण्याआधी पुढच्या वर्षभराचे पैसे मोजावे लागतात.

आता तत्त्वाकडे वळू. बँकेच्या लॉकरचे भाडे वर्षाचे आगाऊ घेतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने लॉकरचे नवे नियम काढले आणि त्यांत सांगितले की ग्राहकाने मुदतीआधी लॉकर सोडला तर आगाऊ घेतलेल्या भाड्याचा प्रमाणशीर भाग त्याला परत करावा. आरोग्य विम्यातही २०२४ पासून ग्राहक सात दिवसांची लेखी सूचना देऊन पॉलिसी रद्द करू शकतो आणि वर्षाच्या पॉलिसीवर दावा घेतलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता त्याला परत मिळतो. लॉकरमध्ये बँकेची जागा अडते, विम्यात कंपनी जोखीम उचलते. कार्ड बंद झाल्यावर बँकेचे काय अडते? उधारीची मर्यादा मोकळी होते, जोखीम संपते. एकच नियामक, बहुधा तोच ग्राहक आणि तीच शाखा. तरीही लॉकरची किल्ली परत करणाऱ्याला हिशेब मिळतो आणि कार्ड परत करणाऱ्याला मिळत नाही. या भेदाचे समर्थन होऊ शकत नाही.

महाराष्ट्राला तर हिशेबाच्या हक्काचा मोठा इतिहास आहे. १८५५ च्या कायद्याने इंग्रज सरकारने व्याजावरची बंधने उठवली. मुदलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम तेवढा मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी जपला. पण सावकाराने जुने व्याज मुदलात मिसळून नवा रोखा लिहून घेतला की हा नियमही निष्प्रभ होई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दप्तरांवर होता, कर्जरोखे शोधून जाळले गेले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती आणि दरवर्षीचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. रोख्यावरच्या आकड्यापुरते न थांबता व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

जमीन गमावणाऱ्या त्या शेतकऱ्याचे दुःख आणि आजच्या कार्डधारकाचे तीन हजार रुपये यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. पण कायद्याने तेव्हा मान्य केलेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे. सही केलेला कागद हाच शेवटचा शब्द नसतो. एक बाजू अटी लिहिते आणि दुसरी फक्त त्या मान्य करते, तिथे प्रत्यक्षात काय दिले आणि काय घेतले हे तपासावे लागते. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘फी परत मिळणार नाही’ असे छापलेले आहे, एवढ्यावर दहा महिन्यांच्या न दिलेल्या सेवेचे पैसे बँकेचे होत नाहीत.

बँकांचा एक आक्षेप रास्त आहे. फी भरताच कार्डावर गिफ्ट व्हाउचर किंवा पॉइंट मिळतात. ते घेऊन आठवडाभरात कार्ड बंद करायचे आणि फीही मागायची, हे योग्य नाही. यावर उपाय सोपा आहे: ग्राहकाने प्रत्यक्ष घेतलेल्या लाभाची आधी जाहीर केलेली किंमत परताव्यातून वजा करावी. फी नको तर विनाफी कार्ड घ्या, हा दुसरा आक्षेप मात्र पोकळ आहे. ज्याने फीचे कार्ड घेतले त्याने वर्षभराच्या सेवेचे पैसे दिले आहेत. विनाफी कार्डे बाजारात आहेत म्हणून त्याच्या पैशावरचा हक्क संपत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या व्यवहारात हा प्रश्न एकेका ग्राहकाच्या चिकाटीवर सोडता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत तीन गोष्टी जोडाव्यात. वार्षिक फी लागण्याच्या ३० दिवस आधी तिची रक्कम, तारीख आणि कार्ड बंद करण्याचा मार्ग ग्राहकाला कळवावा. फी बिलात लागल्यापासून ३० दिवसांत कार्ड बंद केले तर ती जीएसटीसह पूर्ण परत करावी आणि तोवर तिला थकबाकी मानू नये. त्यानंतर बंद केले तर उरलेल्या पूर्ण महिन्यांची प्रमाणशीर रक्कम खाते बंद करतानाच ग्राहकाच्या बँक खात्यात जमा करावी, आणि उशिराला ५०० रुपयांचा तोच दंड लावावा.

तोवर ग्राहकाने काही गोष्टी स्वतः पाळाव्यात. फी लागण्याचा महिना नोंदवून ठेवावा आणि निर्णय त्याआधी घ्यावा. जमलेले पॉइंट आधी वापरावेत, कार्डावरून आपोआप जाणारे हप्ते दुसरीकडे वळवावेत. बंद करण्याची विनंती ॲप किंवा ईमेलवरून लेखी करावी, तिचा क्रमांक जपावा आणि त्याच विनंतीत उरलेल्या महिन्यांची फी परत मागावी. कार्ड बंद झाल्याचा लेखी निरोप घ्यावा आणि काही आठवड्यांनी सिबिलची नोंद तपासावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नियमात हक्क नसतानाही ही तक्रार करावी. नोंदलेल्या तक्रारी नियामकापुढे राहतात, आणि नियमात कुठे जागा रिकामी आहे हे त्याला त्यांतूनच दिसते.

न मागता आलेली कार्डे थांबली, बंद करण्याला मुदत आली, उशिराला दंड आला. फी परतीचा नियम ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे. लॉकरच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ती चढून दाखवली आहे. तेच वाक्य क्रेडिट कार्डाच्या निर्देशांत लिहायला तिने आता वेळ लावू नये.