‘ऑफिस स्पेस’ : कल्याणच्या पलीकडून

माइक जज यांचा ‘ऑफिस स्पेस’ फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा तो तिकीटबारीवर फारसा चालला नाही. पुढे डीव्हीडी आणि केबलने त्याला भक्तगण मिळवून दिले. कचेरीतल्या गुलामीची टर उडवणारा बंडखोर चित्रपट, अशी त्याची ख्याती आहे. माझ्या मते ही ख्याती त्याच्या शेवटाकडे काणाडोळा करूनच टिकते.

आपल्याकडे कचेरीवरचा विनोद बहुधा कचेरीच्या बाहेर घडतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव कारकून खरा, पण त्याची फजिती रंगते ती घरात आणि नातेवाइकांत. ‘ऑफिस ऑफिस’ या मालिकेतला मुसद्दीलाल तर खिडकीच्या अलीकडचा, खेटे घालणारा नागरिक. खिडकीच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा कंटाळा हाच विषय मानून आपल्या विनोदाने फारसे काही केलेले नाही. नोकरी ही आपल्याकडे देवघरातली वस्तू. तिची चेष्टा कोण करणार?

‘ऑफिस स्पेस’चा नायक पीटर नेमकी तीच करतो. त्याला आठ साहेब आहेत. एका अहवालाला नवे मुखपृष्ठ लावायचे राहिले, तर एकामागून एक साहेब येऊन तीच गोष्ट सांगतो. पीटरचे काम काय, तर वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या बँकांच्या जुन्या आज्ञावल्या २००० साल उजाडण्यापूर्वी दुरुस्त करणे. याच ‘वायटूके’च्या कामाने तेव्हा भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना बरकत आणली होती.

अंबरनाथचा माझा एक संगणकवेडा मित्र त्या वर्षी हेच काम करायला सीप्झला जात असे. अंबरनाथ ते दादर, तिथून अंधेरी, पुढे बस. चित्रपटाच्या आरंभी पीटरची गाडी वाहतुकीत अडकते आणि वॉकर घेतलेले आजोबा त्याच्या पुढे निघून जातात. तिथे मित्र हमखास हसतो. “अरे, त्याला बसायला जागा तरी आहे!” त्याचा सर्वांत आवडता प्रसंग मात्र वेगळा आहे. पीटर आणि त्याचे दोन सहकारी व्याजातले पैशांचे अपूर्णांक चोरणारी आज्ञावली लिहितात. तिच्यात दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडते आणि शनिवार-रविवारातच खात्यात तीन लाख डॉलर जमतात. सारे बंड एका टिंबापायी कोसळते. हा विनोद कोड लिहिणाऱ्यालाच सुचू शकतो, असे त्याचे म्हणणे. ते मला मान्य आहे.

आमचे वाजते ते शेवटावरून. कचेरी जळून जाते आणि पीटर बांधकामावर फावडे हाती घेऊन सुखी होतो. मित्राला हा शेवट मोकळा करणारा वाटतो. मला वाटते, अंगमेहनतीत मुक्ती पाहणे ज्याला परत फिरण्याची सोय आहे त्यालाच जमते. उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांत रसायनात हात बुडवून उभ्या राहिलेल्याला ही मुक्ती समजावून सांगून पाहा! शिवाय पीटरचे दोघे सहकारी, समीर आणि मायकल, दुसऱ्या कंपनीत पुन्हा तसल्याच खुर्चीत जाऊन बसतात. चित्रपट त्यांच्याकडे ओझरते पाहून पुढे जातो.

खरा माणूस मिल्टन आहे. त्याला पाच वर्षांपूर्वीच काढलेले असते, पण ते त्याला कोणी सांगितलेले नसते; पगारपत्रकातल्या चुकीमुळे पगार चालू राहतो. सल्लागार येऊन ती चूक तेवढी सुधारतात. त्याच्याशी बोलायची गरजच उरत नाही. मग त्याचे टेबल सरकत सरकत तळघरात जाते, लाल स्टेपलर हिरावला जातो. उल्हासनगरजवळच्या मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. मिल्टनला पाहताना मला तिथले फाटक आठवते. मित्र म्हणतो, तुम्ही साहित्यवाले विनोदी चित्रपटातही शोकांतिका हुडकता. पण मिल्टनच्या प्रसंगांना तोही अलीकडे हसत नाही. मध्यंतरी त्याच्या कंपनीतही सल्लागार येऊन गेले.