तारीख धरायची कशाची?

कोल्हापुरात तारखेवरून वाद घालायला निमित्त लागत नाही. शिवजयंती एकदा तारखेने होते, एकदा तिथीने, आणि डॉल्बी दोन्ही वेळा तेवढाच. चौकातल्या फलकावर तर कुणा ना कुणा ‘भावा’चा वाढदिवस रोजच असतो. या उत्साहाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त आपण धरतो त्या बहुतेक तारखा जन्माच्या नाहीतर मरणाच्या असतात, आणि या दोन्हींत माणसाचं स्वतःचं कर्तृत्व ते काय?

पैलवान खाशाबा जाधवांचंच घ्या. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, २०२४पासून राज्य क्रीडा दिन झाला. उत्तम. पण १५ जानेवारी १९२६ला गोळेश्वरात जे घडलं त्याचं श्रेय त्यांच्या आईचं! खाशाबांनी स्वतः जे केलं ते २३ जुलै १९५२ला, हेलसिंकीत. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्या तारखेवर कोल्हापूरचाही हक्क आहे. पोराला पाठवायचं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी ७,००० रुपयांसाठी राहतं घर गहाण टाकलं होतं. गावाने १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पैलवानाने कोल्हापुरात कुस्त्या मारल्या आणि बक्षिसाच्या पैशातून गुरुजींचं घर सोडवलं. हल्ली गृहकर्जाचा हप्ता थकला की माणूस फोन उचलत नाही.

कॅलेंडरवर २३ जुलैला टिळक जयंती छापलेली असते. तो दिवस खाशाबांसोबत वाटून घ्यायला लोकमान्यांची हरकत असायचं कारण नाही, कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यातच घालवलं होतं. गंमत पुढेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं ते १ ऑगस्ट २०२४ला, म्हणजे टिळक पुण्यतिथीला. एक पदक जयंतीला, दुसरं ७२ वर्षांनी पुण्यतिथीला. याचा अर्थ काय? काहीही नाही. पण मिसळीच्या दुसऱ्या पावापर्यंत गप्पा पुरतात.

शाहू महाराजांच्या तारखाही अशाच मजेशीर. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. तो समारंभ ठरला होता २६ जूनला, नेमका महाराजांच्या वाढदिवशी. पण बादशहाच्या पोटात दुखू लागलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. महाराज तिकडे असतानाच, २६ जुलैला, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम इकडे निघाला. त्याच दौऱ्यात पाहिलेल्या रोमच्या आखाड्यावरून खासबाग मैदानाची कल्पना आली. राजा परदेश दौऱ्यावर गेला तर एवढं होतं, हे आजच्या अभ्यासदौरेवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

पण सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांची. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, समोर काठियावाड. भाऊसाहेब ४४३वर नाबाद. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२चा, म्हणजे फक्त ९ धावा कमी. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या नावावर असा विक्रम नको म्हणून त्यांनी सामनाच सोडून दिला. खासबागेत जोड असा अर्धवट मैदान सोडून गेला असता तर पब्लिकने त्याला गंगावेशीपर्यंत शिट्ट्या मारल्या असत्या. भाऊसाहेबांना कसोटीही कधी मिळाली नाही. ते वारले ११ डिसेंबर २०१२ला, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना. तरीही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी आजही तीच आहे. ठाकोरसाहेबांची आठवण निघते तीसुद्धा तिच्यामुळेच.

आता पुन्हा २३ जुलैकडे. जुलैच्या तारखा का राहून जातात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या महिन्यात आपल्याला एकच आकडा पाठ असतो, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कुस्तीचं मैदान भरवायला तेव्हा कोण धजणार?

म्हणून तालीम मंडळांना एक विनंती. येत्या २३ जुलैला मैदान नाही तर नाही, तालमीच्या छपराखाली लाल मातीत एक निकाली जोड लावा. डॉल्बीला त्या दिवशी सुट्टी द्या. आणि फलकावर खाशाबांच्या शेजारी प्राचार्य खर्डेकरांचंही नाव लिहा.