गाणारी हवी, चाल बांधणारी नको

मध्य भारतात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आपण मराठी मंडळी लता मंगेशकरांचे नाव घेतले की एक वाक्य हमखास जोडतो: त्यांचा जन्म इंदूरचा, १९२९ सालचा. या अभिमानाबद्दल आमची तक्रार नाही. मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावाचा सन्मान १९८४ मध्ये सुरू केला, त्याचेही आपल्याला कौतुक आहे. आमची तक्रार निराळी आहे. ग्वाल्हेरला १९४१ साली जन्मलेल्या उषा खन्ना यांचे नाव आपल्या किती सभासंमेलनांत, किती स्मरणिकांत निघाले? त्या मराठी नव्हेत, असे कोणी म्हणेल. मग खंडव्याचे किशोरकुमार गांगुली तरी कुठे मराठी होते? त्यांना तर आपण घरचे मानून मोकळे झालो. तेव्हा कारण भाषेचे किंवा जातकुळीचे नाही. लताबाई आणि किशोरकुमार गाणारे होते, उषा खन्ना चाली बांधणाऱ्या होत्या, आणि त्यातही स्त्री होत्या. स्त्रीने गावे हे आपल्याला मान्य आहे. पुरुषांनी काय गावे हे तिने ठरवावे, हे मात्र अजून आपल्या पचनी पडलेले नाही.

हे विधान कठोर वाटत असेल तर वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. ‘हम हिंदुस्थानी’ (१९६०) या चित्रपटातील मुकेश यांनी गायिलेले गीत आपल्याकडील शाळाशाळांतून, जिल्ह्याच्या ठिकाणच्या ध्वजवंदनांतून वर्षानुवर्षे वाजत आले आहे. आमच्या शासकीय सेवेच्या काळात असा एकही स्वातंत्र्यदिन आठवत नाही, की ते कानांवर पडले नाही. ते कोणी गायिले हे चारचौघांना विचारा. उत्तर तत्काळ मिळेल. चाल कोणाची, असे विचारले की शंकर-जयकिशनपासून सलिल चौधरींपर्यंत सर्वांची नावे निघतील. ती चाल उषा खन्ना यांची आहे, आणि ती बांधली तेव्हा त्यांनी वयाची विशीही ओलांडली नव्हती.

उषाबाईंची हकीगत मुळातूनच बोलकी आहे. त्या गायिका होण्यासाठी गेल्या होत्या. गीतकार इंदीवर यांच्या ओळखीने निर्माते शशधर मुखर्जी यांच्यापुढे त्या गायल्या. गायिलेल्या गीताची चालही याच मुलीची आहे असे कळल्यावर मुखर्जींनी तिला चाली बांधण्याच्या कामाला लावले. त्यातून ‘दिल देके देखो’ (१९५९) घडला. एक मुलगी संगीतकार होऊ शकते, ही गोष्ट त्या मुलीच्याही मनात आधी आलेली नव्हती, ती एका वडीलधाऱ्या निर्मात्याच्या चाणाक्षपणामुळे योगायोगाने उघडकीस आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांच्यापुढे मुखर्जी नव्हते, अशा किती जणी ‘गायिका म्हणून नापसंत’ ठरून घरी परतल्या असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. ‘दिल देके देखो’मधून दोघी तरुणींचे एकाच वेळी पदार्पण झाले. पडद्यावर नायिका म्हणून आशा पारेख आल्या आणि पडद्यामागे संगीतकार म्हणून उषा खन्ना. चित्रपट चालला, गाणी गाजली. दिग्दर्शक नासिर हुसेन यांनी पुढे ‘जब प्यार किसी से होता है’ (१९६१) आणि ‘फिर वही दिल लाया हूँ’ (१९६३) हे चित्रपट केले. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) ची निर्मितीही त्यांचीच. या तिन्हींत नायिका आशा पारेखच होत्या. संगीत मात्र अनुक्रमे शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आणि राहुलदेव बर्मन यांचे. नासिर हुसेन यांचे मन आम्ही वाचलेले नाही. त्या काळात ते संगीतकार बदलतच होते, असेही म्हणता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही. परंतु ‘तीसरी मंझिल’नंतर त्यांनी संगीतकार बदलणे थांबवले व राहुलदेवांशी वर्षानुवर्षे सोबत केली. नायिकेवर तीन चित्रपटांचा विश्वास ठेवला गेला. ज्या मुलीच्या गाण्यांनी पहिला चित्रपट घरोघरी पोहोचवला, तिच्या वाट्याला दुसरी संधीही आली नाही. यानंतर उषाबाईंनी चार दशकांहून अधिक काळ काम केले ते बहुतांशी लहान निर्मात्यांकडे, कमी पैशांच्या चित्रपटांसाठी.

आणि तरीही काम पाहावे! ‘शबनम’, ‘एक सपेरा एक लुटेरा’, ‘साजन बिना सुहागन’, ‘सौतन’. रफी, मुकेश, किशोरकुमार, आशा भोसले, सारेच त्यांच्याकडे गायले. ‘दादा’ (१९७९) मधील त्यांच्या चालीने येसुदास यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. बाईंच्या हाताखाली पुरुष गायक आणि पन्नास-पन्नास पुरुष वादक काम करणार नाहीत, असे जे सांगितले जाते, ते खरे असते तर ही गाणी ध्वनिमुद्रितच झाली नसती. ‘दिल देके देखो’च्या चालींवर नय्यर यांच्या ढंगाची छाप आहे, असा आक्षेप जाणकार घेतात. आहेच. अठरा वर्षांच्या संगीतकाराच्या पहिल्या कामावर कोणाची तरी छाप असायचीच. मुलावर ती दिसली तर आपण तिला संस्कार म्हणतो, मुलीवर दिसली की उसनवारी.

आता या आधीची एक पायरी. १९३५ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘जवानी की हवा’ला संगीत दिले ते खुर्शीद मिनोचेर होमजी या पारशी तरुणीने. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे तिचे संगीतशिक्षण झाले होते. चांगल्या घरातील मुली चित्रपटात जाणार म्हणून पारशी समाजातील वजनदार मंडळींनी गदारोळ केला, आणि हिमांशू राय यांनी तिचे नाव बदलून ‘सरस्वतीदेवी’ ठेवले. ‘अछूत कन्या’, ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांचे संगीत त्यांचेच. गाणे न शिकलेल्या नटनट्यांकडून गाऊन घेण्याचे जिकिरीचे काम त्यांनी केले. ‘झुमरू’ (१९६१) मधील किशोरकुमारांचे ते विख्यात उदास गीत ज्या चालीवर उभे आहे, ती ‘जीवन नैया’ (१९३६) साठी सरस्वतीदेवींनी अशोककुमारांकडून गाऊन घेतलेली चाल आहे. ‘झुमरू’चे संगीतकार म्हणून नाव लागले किशोरकुमारांचे. थोरल्या भावाचे गाणे धाकट्याने आळवले, ही कथा आपण आवडीने सांगतो. त्या कथेतून बाई गळते.

नाव बदलण्याचा हा प्रकार पारशी समाजापुरता होता असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. आपल्याच भाषेत, भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले ते लताबाईंनी. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पारितोषिक जाहीर झाले तेव्हा आनंदघन कोण हे ठाऊक नसल्याने सभागृह इकडेतिकडे पाहत राहिले, हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो. आम्हांला त्यात कौतुकापेक्षा विषाद अधिक वाटतो. सांगतात ते असे की, चाली पडल्या तर लताबाईंच्या नावाला बट्टा लागेल, अशी भालजींना काळजी होती. काळजी प्रेमापोटीच होती. पण जिच्या आवाजाविना हिंदी चित्रपटाचे पान हलत नव्हते, त्या स्त्रीलाही चाल बांधताना आडपडदा घ्यावासा वाटला, आणि निवडलेले नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो कोणी पुरुषच. गायक-नट पुरुष संगीतकार झाले आणि त्यांचे दोन-चार चित्रपट पडले, तर त्यांच्या गाण्याला कोणी बट्टा लावला नाही.

याच लताबाईंनी १९५७ साली फिल्मफेअरच्या समारंभात गाण्यास नकार दिला होता. ‘चोरी चोरी’साठी पारितोषिक संगीतकारांना मिळत होते आणि पार्श्वगायनासाठी पारितोषिकच नव्हते. त्यांच्या आग्रहानंतर १९५९ पासून ते सुरू झाले. म्हणजे गाणारीचा मान सुद्धा भांडून घ्यावा लागला. तिच्यासाठी भांडायला निदान लता मंगेशकर होत्या. चाल बांधणारीसाठी कोणी भांडले नाही. परिणाम असा की, १९५४ मध्ये सुरू झालेल्या फिल्मफेअरच्या संगीत दिग्दर्शनाच्या पारितोषिकावर एका स्त्रीचे नाव लागायला २०२२ साल उजाडले. ‘शेरशाह’साठी जसलीन रॉयल यांना ते मिळाले, तेही इतर अनेकांबरोबर विभागून. परदेशाकडे बोट दाखवून समाधान मानणाऱ्यांसाठी सांगतो की, तेथेही फार निराळे चित्र नाही. पार्श्वसंगीताच्या रचनेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री संगीतकार रेचल पोर्टमन, आणि ते वर्ष १९९७.

स्त्रियांना ती प्रतिभाच नसते, हा युक्तिवाद आजही बैठकीत दबक्या आवाजात होतो. त्याला उत्तर देण्यासाठी चित्रपटापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपले पूर्वज पेशव्यांच्या, शिंदे-होळकर-गायकवाडांच्या पदरी या मुलखात आले तेव्हा त्यांच्या स्त्रियांनी बरोबर काय आणले? जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, मंगळागौरीचे खेळ, पाळणे. यांचे शब्द बायकांचे, आणि चालीही बायकांच्याच. कोणा बुवांनी त्या बसवून दिल्या नव्हत्या. इंदूर, बडोदा, हैदराबाद या ठिकाणी मराठी दोन पिढ्यांत पुसून गेली नाही, याचे बरेचसे श्रेय या चालींना आहे. शब्द विसरलेल्या नातींनाही चाल आठवते. त्या चालींना आपण ‘पारंपरिक’ असे लेबल लावले, म्हणजे कर्तीचे नाव शोधण्याची जबाबदारी संपते. नाव ठाऊक असतानाही आपण तेच करतो. योगेश व रचना खडीकर यांची बालगीते आपल्या घरांतील किमान दोन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. त्यांतील कितीतरी चाली त्यांच्या मातोश्री मीना खडीकर यांच्या आहेत, हे किती घरांत सांगितले जाते?

प्रश्न प्रतिभेचा नव्हता, शिरकावाचा होता. संगीतकार घडतो तो साहाय्यक म्हणून. लक्ष्मीकांत-प्यारेलाल कल्याणजी-आनंदजींकडे राबले, राहुलदेव वडिलांच्या हाताखाली तयार झाले. रात्री-अपरात्री चालणाऱ्या बैठका, वादकांची जमवाजमव, निर्मात्याशी पैशांची बोलणी, हे सारे उमेदवारीत शिकायचे असते, आणि त्या उमेदवारीला मुलगी ठेवण्याची रीत नव्हती. आम्ही ज्या क्षेत्रात आयुष्य काढले तेथेही हेच घडत होते. भारतीय प्रशासकीय सेवेतील पहिली महिला, १९५१ च्या तुकडीतील अन्ना राजम, यांच्या नेमणूकपत्रात विवाह झाल्यास सेवा संपुष्टात येईल, अशी अट होती. बाईला दंगल आवरणार नाही, बाईचे तहसीलदार ऐकणार नाहीत, असे त्या काळी गंभीर चेहऱ्याने सांगितले जाई. अट गेली, स्पर्धेचा दरवाजा खुला झाला, आणि आम्ही सेवेत असताना महिला जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली तहसीलदारच काय, पोलीस अधीक्षकही निमूटपणे काम करताना पाहिले. संगीताच्या धंद्यात लेखी अट कधीच नव्हती. त्यामुळे ती रद्दही करता आली नाही.

वाद्यवृंदाची सबब तर केव्हाच संपली आहे. आज घरातल्या मेजावर संगणक ठेवून संपूर्ण गाणे रचता येते. इंदूरच्याच स्नेहा खानवलकर यांनी ‘ओये लकी! लकी ओये!’ (२००८) साठी हरियाणा आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) साठी बिहार पालथे घालून तेथील गळे आणि वाद्ये धुंडाळली. तसे धाडस त्या पिढीत फार थोड्यांनी केले असेल. तरी त्यांचे नाव आपल्या मंडळांच्या मानपत्रांच्या यादीत आम्हांला दिसले नाही. आणि लग्नसमारंभांतून, उत्सवांतून ज्याला ‘डीजे’ म्हणतात तो पाहावा. (त्याच्या आवाजाविषयी आमचे मत या पानांवर छापण्याजोगे नाही.) त्याच्यापाशी ना वाद्यवृंद, ना निर्माता, एक यंत्र आणि पुढे काय वाजवायचे ते ठरवण्याचा अधिकार, एवढेच त्याचे भांडवल. तरीही चौथऱ्यावर मुलगा उभा आणि खाली मुली नाचताहेत, हेच दृश्य. यंत्र बदलले, काळ बदलला, चौथऱ्यावरची व्यक्ती बदलली नाही.

हे मुंबईने सुधारावे, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. निवड आपल्या अंगणात होते. गणेशोत्सवातील आपल्या स्पर्धा पाहा. सुगम गायन, नाट्यगीत, भक्तिगीत. भाग घेणाऱ्यांत मुलीच अधिक. पेटीवर काका, तबल्यावर दादा, कार्यक्रम ‘बसवणारे’ कोणी सर. आपल्या मुली बारा-पंधरा वर्षांच्या होईपर्यंत हे शिकून चुकतात की दुसऱ्याने दिलेली चाल सुरात म्हणणे हे त्यांचे काम. यंदा मंडळांनी गायनाच्या पाच स्पर्धांपैकी एक कमी करावी आणि तिच्या जागी चाल बांधण्याची स्पर्धा ठेवावी. कविता स्थानिक कवीची द्यावी. असे कवी आपल्याकडे उदंड आहेत, किंबहुना गरजेपेक्षा जास्त आहेत. दिवस आठ द्यावेत, पेटी मंडळाची द्यावी, आणि साथीदारांना बजावून ठेवावे की ठेका कोणता, लय किती आणि कडवे कोठे संपवायचे हे मुलगी सांगेल. परीक्षकांत निदान एक स्त्री असावी, आणि ती केवळ बक्षिसे वाटण्यापुरती नसावी. निकाल जाहीर करताना कवी आणि गायिकेच्या आधी चाल बांधणारीचे नाव वाचावे. खर्च काही नाही. कार्यकारिणीचा ठराव लागेल, आणि तो आषाढ संपण्यापूर्वी व्हायला हवा, कारण त्यानंतर पत्रिका छापायला जातात.