झोपलेल्या गुप्तहेराचा आवाज

'डिटेक्टिव्ह कॉनन' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे पहिले पर्व कथनमीमांसेच्या वर्गात दाखवावे, असे आमचे मत आहे. मुलांच्या कार्टूनला एवढा मान कशासाठी, असा प्रश्न यावर हमखास येतो. त्याचे उत्तर मालिकेतील रहस्यांत मिळणार नाही. खरे सांगायचे तर त्यांतली बरीचशी बेतास बात आहेत. ते मिळते आवाजांत.

गोशो आओयामा यांची ही चित्रकथा १९९४ पासून 'शोनेन संडे' साप्ताहिकात येऊ लागली आणि ८ जानेवारी १९९६ रोजी केन्जी कोदामा यांच्या दिग्दर्शनाखाली दूरचित्रवाणीवर आली. पहिले पर्व २८ भागांचे आहे. शिनिची कुदो या हुशार शाळकरी गुप्तहेरावर काळ्या वेशातील माणसे विषप्रयोग करतात. तो मरत नाही, पण त्याचे शरीर सहा-सात वर्षांच्या मुलाचे होते. नाव विचारले जाताच तो समोरच्या पुस्तकांवरून 'एदोगावा कॉनन' असे सांगून मोकळा होतो. एदोगावा रानपो हे नाव तरी कुठे अस्सल आहे? तारो हिराई या लेखकाने एडगर अ‍ॅलन पो या नावाचा जपानी उच्चार करूनच ते घेतले होते. म्हणजे उसन्याचेही उसने! रानपोंच्या थोर गुप्तहेराचे 'कोगोरो' हे नाव मात्र येथे मोरी या बढाईखोर, सुमार गुप्तहेराला दिलेले आहे. ही थट्टा आम्हांला फार आवडते.

मुलाचे तर्कशास्त्र मोठी माणसे ऐकत नाहीत. म्हणून कॉनन घड्याळातील सुईने मोरींना झोपवतो आणि आवाज बदलणाऱ्या बो-टायमधून, त्यांच्याच आवाजात, रहस्य उलगडतो. छापील चित्रकथेत हे सारे संवादाच्या फुग्यांवर भागते. पडद्यावर ते ऐकू येते. बालकॉननला मिनामी ताकायामा या अभिनेत्रीचा आवाज आहे, मोरींना तेव्हा अकिरा कामिया यांचा होता. जागे मोरी बरळतात, झोपलेले मोरी संयमाने, नेमके बोलतात; एकाच नटाच्या गळ्यातून दोन माणसे! पाहतो कोण आणि बोलतो कोण, हा जेरार जेनेतचा भेद समजावताना आमचा अर्धा तास जातो. येथे तो सात वर्षांच्या प्रेक्षकालाही ठाऊक असतो.

या युक्तीची किंमत अकराव्या, 'मूनलाइट सोनाटा'च्या भागात कळते. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या एका पियानोवादकाच्या नावाने मोरींना पत्र येते आणि सारे एका बेटावर जातात. तेथील डॉक्टर नारुमी ही स्त्री वस्तुतः त्या वादकाचा मुलगा सेइजी आहे. बापाच्या मारेकऱ्यांना तो एकेक करून संपवत असतो. 'नारुमी' आणि 'सेइजी' ही एकाच लिपिचिन्हांची दोन वाचने आहेत. नाव लपवलेलेच नव्हते, वाचले मात्र चुकीचे गेले.

सत्य सापडते तेव्हा सभागृह पेटलेले असते. कॉनन आत धावतो. येथे बो-टाय नाही, झोपलेला मोरी नाही. बापाने सुरांच्या सांकेतिक लिपीत मुलासाठी मागे ठेवलेला, तू तरी सरळ मार्गाने जग, हा निरोप तो स्वतःच्या कोवळ्या आवाजात सांगतो. जगाने ज्याला पोर म्हणून बाजूला सारले त्याचे म्हणणे एक प्रौढ माणूस अखेर ऐकून घेतो. तो खुनी असतो, आणि निरोपाला फार उशीर झालेला असतो. तो कॉननला खिडकीतून बाहेर फेकून वाचवतो आणि पुन्हा पियानोपाशी बसतो.

रहस्यकथेत सत्य कळले की व्यवस्था पूर्ववत होते, असे आपण शिकवतो. येथे सत्य कळते आणि माणूस जळतो. आगीतून सूर येतात. पट्ट्यांच्या क्रमात दडलेली अक्षरे बाहेर उभा कॉनन जुळवतो. छोट्या गुप्तहेराचे आभार मानलेले असतात.