नीतीचा मक्ता सरकारास देऊं नका !





कार्तिकांत आमच्या निर्मळची यात्रा भरते. आगरी, कोळी, भंडारी, वाडवळ, ख्रिस्ती, वारली अशीं सगळ्या जातींचीं माणसें त्या गर्दींत खांद्याला खांदा लावून फिरतात, आणि कोणाचाहि धर्म बुडत नाहीं. गेल्या यात्रेंत परिचयाचे कांहीं गृहस्थ एक कागद घेऊन माझ्याकडे आले. सरकारास अर्ज करावयाचा होता. मागण्या तीन : आईबापांच्या लेखी संमतीवांचून मुलामुलींचें लग्न नोंदूं नये, लग्नावांचून एकत्र राहणारांस शिक्षा व्हावी, आणि अनीतीचे सर्व धंदे कायद्यानें समूळ बंद करावे. "मास्तर, पोरांना वळण लावणारे तुम्ही. तुमची सही पहिली पाहिजे," असें ते म्हणाले. मीं सही केली नाहीं. तेव्हांपासून "मास्तर अनीतीच्या बाजूचे झाले कीं काय ?" अशी कुजबूज कानावर येते. कुजबुजीस उत्तर कुजबुजीनें देऊं नये, म्हणून हें जाहीर उत्तर.

नीति मलाहि हवी आहे. माझें सारें आयुष्य फळ्यापुढें तीच शिकविण्यांत चाललें आहे. पण नीतीची काठी सरकारच्या हातीं दिली म्हणजे ती कोणाच्या पाठीवर बसते, हें इतिहासांत पाहून मग सही करावी असें माझें म्हणणें आहे.

पेशवाईचेंच पाहा. त्या राज्यांत शिंदळकी हा सरकारी गुन्हा होता. ठपका आला कीं बाई सरकारांत जमा. ती कुणबीण म्हणून किल्ल्यावर, कोठींत राबे; तिची विक्रीहि होई. पुरुष मात्र पुष्कळदा दंड भरून मोकळा होई. म्हणजे नीतिरक्षणाच्या नांवाखालीं दरबारास फुकटचे हात मिळत आणि खजिन्यांत दंडाचा पैसा पडे. याला नीति म्हणावें कीं किफायतशीर धंदा ? पोर्तुगीजांचेंहि तेंच. गोमंतकांत इन्क्विझिशननें १७३६ सालीं हुकूम काढला आणि बाटलेल्या लोकांच्या लग्नांतलीं गाणीं, दारची तुळस, नेसण्याची तऱ्हा यांवर बंदी घातली. वसई तेव्हां त्याच पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. तीनच वर्षांनीं, १७३९ त, त्यांचें येथलें राज्य गेलें. आज आमच्या भागांतल्या ख्रिस्ती बाया लग्नांत आपलीं गाणीं खड्या आवाजांत म्हणतात. ज्यांच्या मागें सबंध धर्मसत्ता होती त्यांना लग्नाचें गाणें बंद करतां आलें नाहीं. मग पोलीस शिपायाच्या शिट्टीनें माणसाचें मन कसें बदलणार?

यावर अर्जवाले एक सवाल टाकतात, आणि तो सवाल खोटा नाहीं. "तुमचे सत्यशोधक तरी कायदेच मागत होते ना ? मग आतां सरकारनें हात घालूं नये हें कसें ?" यास उत्तर दिलेंच पाहिजे, कारण १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा आला तेव्हां "आमच्या चालीरीतींत सरकारनें पडूं नये" अशी ओरड सनातन्यांनीं केली होती, आणि लोकमान्य टिळकहि विरोधकांतच होते. १८८९ सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या बळजबरीनें मेली. तरीहि संमतीचें वय दहावरून बारा करण्यास शास्त्र्यांचा धर्म बुडत होता ! तेव्हां "सरकारनें पडूं नये" एवढें एकच वाक्य मीं घोकलें तर मी त्या सनातन्यांच्या पंगतीस जाऊन बसेन.

म्हणून कायदा पारखण्याची एक साधी कसोटी मी लावतों. जो कायदा दुबळ्याच्या अंगावरचा हात धरतो तो न्यायाचा कायदा. जो कायदा दोन शहाण्या माणसांच्या राजीखुषीच्या वागण्यावर हात टाकतो तो जुलमाचा कायदा. संमतिवयाचा कायदा पहिल्या जातीचा. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत १९१७ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याचा आधार दिला, १९१९ सालीं घरांत स्त्रीचा छळ करणारास शिक्षा ठरविली, आणि १९२० सालीं जोगतिणी-देवदासींच्या प्रथेवर घाव घातला. तेहि पहिल्याच जातीचे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, जो जातपंचायतींच्या मनमानीस आळा घालण्यास झाला, तोहि त्यांतलाच. या सर्वांत कोणी तरी बांधलेला होता, आणि कायद्यानें दोर कापला. तुमच्या अर्जांत मोकळा असलेल्यास बांधावयाचें आहे. दोर तोच असला तरी काम उलटें आहे.

आतां अनीतीच्या धंद्यांची गोष्ट. २००५ सालीं महाराष्ट्र सरकारनें डान्सबारांवर बंदी घातली. गृहखातें तेव्हां आर. आर. पाटील यांच्याकडे होतें. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत कायदा एकमतानें मंजूर झाला आणि १५ ऑगस्टपासून, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनीं, अमलांत आला. तरुण पिढी बिघडते हें कारण. पण त्याच कायद्यांत पुढचें कलम काय होतें ? तीन व त्यांहून अधिक तारांकित हॉटेलें आणि सभासदांचे जिमखाने-क्लब यांस माफी ! वाचकहो, ही नीति नीट समजून घ्या. मजुरानें पन्नास रुपयांची नोट काढून नाच पाहिला तर संस्कृति बुडते; शेटजीनें गालिच्यावर बसून तोच नाच पाहिला तर ती कला होते. एकाच पापाचे दोन दर करणें हें भिक्षुकशाहीचें जुनेंच गणित. फक्त पोथीच्या जागीं राजपत्र आलें.

त्या नाचणाऱ्या बाया कोण होत्या ? पुष्कळजणी पिढ्यान्पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींच्या. सुमारे ७५,००० बायांच्या पोटाचा हा प्रश्न असल्याचें न्यायालयापुढें मांडलें गेलें. त्यांना दुसरा रोजगार लावून देण्याची सोय न करतांच दारें बंद झालीं. मुंबई उच्च न्यायालयानें १२ एप्रिल २००६ रोजीं ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानें १६ जुलै २०१३ रोजीं तो निकाल कायम केला. बंदीमुळें कित्येकजणींवर शरीरविक्रयाची पाळी आली, म्हणजे रोगापेक्षां औषध वाईट ठरलें, असा त्या निकालाचा भाव आहे. सरकारनें २०१४ त पुन्हा बंदी केली, २०१६ त नवा कायदा करून जाचक अटी घातल्या, आणि १७ जानेवारी २०१९ रोजीं न्यायालयानें त्यांतल्याहि बऱ्याच उडविल्या. चौदा वर्षें वकिलांचे खिसे भरले. ज्या बाईचें चारित्र्य वाचवावयाचें होतें ती मधल्यामध्यें कोठें गेली, हें विचारण्यास एकहि नीतिरक्षक तिच्या दारीं गेला नाहीं.

नीतीचा कायदा शिपायाच्या हातीं पडला म्हणजे काय होतें तेंहि लांब जाऊन पाहावें लागत नाहीं. ऑगस्ट २०१५ त मुंबईच्या मढ-आक्सा भागांत पोलिसांनीं हॉटेलांच्या खोल्यांतून चाळीसेक जोडपीं बाहेर काढून ठाण्यांत नेलीं. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचें कलम बंद दाराआडच्या माणसांवर लावलें. त्यांतलीं पुष्कळ वयानें सज्ञान होतीं. ज्याचा बंगला आहे त्याच्या दारावर अशी थाप पडत नाहीं. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलींत आईबाप, भाऊ, वहिनी सारे निजतात त्याच्याच दारावर ती पडते.

उरली पहिली मागणी, आईबापांच्या संमतीची. खरी मेख येथेंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ सालीं कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं जातीचा प्राण जातींतल्या जातींत लग्न करण्यांत आहे, आणि सती, सक्तीचें वैधव्य, बालविवाह हीं सारीं बायकांवरचीं बंधनें त्या प्राणाची राखण करण्यासाठींच निघालीं. मग आईबापांच्या सहीचा कायदा झाला तर ती सही कोणत्या लग्नास मिळेल आणि कोणत्या लग्नास अडेल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. मनूचें काम तलाठ्याच्या शिक्क्यानें होईल. बहुजन समाजाचीच माणसें हा कागद घेऊन फिरतात, याचें मला अधिक वाईट वाटतें. आपल्याच पायांत घालावयाची बेडी आपणच सोनाराकडून घडवून आणण्यासारखें हें आहे.

हें भय काल्पनिक नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १३ डिसेंबर २०२२ रोजीं आंतरजातीय व आंतरधर्मीय लग्नें करणारांची माहिती गोळा करण्यास समिती नेमली. ओरड होतांच दोन दिवसांत "आंतरजातीय" शब्द गाळला. "आंतरधर्मीय" तसाच ठेवला. उत्तराखंडांत २७ जानेवारी २०२५ पासून लग्नावांचून एकत्र राहणारांनीं सरकारांत नोंद केली पाहिजे, न केल्यास तुरुंगवास, असा कायदा लागू झाला. "मुलींच्या रक्षणासाठीं" असें सर्वत्र कारण देतात. रक्षणच करावयाचें असेल तर मार खाणारी मुलगी ठाण्यांत तक्रार घेऊन जाते तेव्हां ती तक्रार त्याच दिवशीं लिहून घ्या आणि मारणारास धरा. मारहाणीचा, धमकीचा, खुनाचा कायदा मोडकळीस ठेवावयाचा आणि प्रेमाचा नवा कायदा करावयाचा, हें घर जळत असतां अंगण सारविण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, मग काय सगळें रान मोकळें ? मुळींच नाहीं. अठरा वर्षांखालच्या मुलीचें लग्न लावणें हा २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. अर्ज घेऊन आलेल्या गृहस्थांस मीं विचारलें कीं या दोन कायद्यांसाठीं आपण आजवर किती अर्ज केले ? उत्तर आलें नाहीं. लेकराला, फसविलेल्याला, बळजबरी झालेल्याला कायद्याची भिंत पाहिजे, आणि ती उंच पाहिजे. पण राजीखुषीनें वागणाऱ्या प्रौढ माणसाचा न्याय त्याच्या विवेकानें करावा.

जोतीराव फुल्यांनीं वाट दाखवून ठेवली आहे. विधवेच्या पोटीं मूल आलें कीं ती बिचारी लाजेनें त्याचा जीव घेई आणि सरकार तिला शिक्षा देई. त्या काळच्या नीतिमंतांना याहून अधिक कांहीं सुचलें नाहीं. जोतीराव-सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें : बाई, ये, सुखरूप बाळंत हो, कोणी कांहीं विचारणार नाहीं. त्यांतलेंच एक मूल त्यांनीं मांडीवर घेतलें, तोच यशवंत. शिक्षेनें एकहि मूल वाचलें नव्हतें. उघड्या दारानें वाचलें.

आमच्या शेजारच्या सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सांपडले आहेत. त्यांतल्या नवव्या लेखांत राजा सांगतो कीं लोक लग्नांत, आजारांत नाना विधि करतात, त्यांचें फळ थोडें. दासांशीं, चाकरांशीं नीट वागणें हा खरा मंगल विधि. त्या लेखांत दंड नाहीं, शिपाई नाहीं. एवढा मोठा राजा नीतीची गोष्ट सांगतांना समजुतीच्या सुरांत बोलला. आमच्या अर्जवाल्यांना मात्र पहिल्याच ओळींत तुरुंग आठवतो.

नीति शिकविण्याचें काम माझें आहे, आईबापांचें आहे, गांवाचें आहे. तें आम्हांस साधत नसेल तर दोष आमचा. तो झांकण्यास पोलीस बोलावूं नये. तो कागद पुन्हा माझ्याकडे आला तर त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी दुसरा अर्ज लिहीन : हुंडा घेणारास धरा, बालविवाह थांबवा, मारहाणीची तक्रार घ्या. त्यावर माझी सही पहिली असेल. गृहस्थहो, दुसरी तुमची असेल काय ?

आपला नम्र,
एक खेड्यांतील शिक्षक
मु. निर्मळ, ता. वसई